एका चेतातंतूचा मागोवा : डॉ. अवतारसिंग पेंटल

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांतील लांब पल्ल्याची शर्यत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मैदानाच्या फेऱ्या मारता मारता छाती भरून येते, श्वास पुरेनासा होतो आणि एका क्षणी पाय आपले राहत नाहीत. धावण्याची इच्छा शाबूत असते, गुरुजी टाळ्या वाजवून उत्तेजन देत असतात, सवंगड्यांच्या आरोळ्या कानी पडत असतात. तरी पाय थांबतात ते थांबतातच. हे पाय नेमके कोण थांबवतो? स्नायू थकतात म्हणून ते थांबतात, की छातीतून कोणी मेंदूला निरोप धाडतो आणि मेंदू पायांना आवर घालतो?

प्रश्न लहान मुलाने विचारावा इतका साधा आहे. त्याच्या मागे आयुष्यभर लागलेल्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. अवतारसिंग पेंटल. हीरकमहोत्सवी ग्रंथात त्यांचे चरित्र पाहून काही वाचकांना नवल वाटेल, कारण त्यांचा आपल्या शाळेशी संबंध नव्हता आणि महाराष्ट्राशीही फारसा नव्हता. परंतु आपल्या शाळेतून वैद्यकाकडे वळलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात ‘जे’ या एका इंग्रजी अक्षराने ओळखले जाणारे संवेदक वाचलेले आहेत. ते शोधणारा माणूस आपल्याच देशातला होता आणि लखनौच्या चौकात शिकला होता, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते? प्रस्तुत लेखकालाही ते पदवी मिळाल्यानंतर कित्येक वर्षांनी कळले.

पेंटल यांचा जन्म २४ सप्टेंबर १९२५ रोजी ब्रह्मदेशातील मोगोक या गावी झाला. मोगोक हे माणकांच्या खाणींसाठी जगभर प्रसिद्ध असलेले डोंगराळ गाव. वडील डॉक्टर होते आणि सरकारी नोकरीनिमित्त तिकडे गेलेले. पुढील शिक्षणासाठी मुलगा लाहोरला आला आणि तेथील फोर्मन ख्रिश्चन महाविद्यालयात विज्ञान शिकला. दरम्यान १९४२ साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश व्यापला. ज्या गावी आपण लहानाचे मोठे झालो ते गाव शत्रूच्या ताब्यात आणि आपण परप्रांतात, अशा अवस्थेत या तरुणाने लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

लखनौ म्हटले की मराठी वाचकाला पहिल्यांदा आठवतात ते पंडित भातखंडे. त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली तेथे संगीत महाविद्यालय उभे राहिले. वैद्यकीय महाविद्यालय त्याहून जुने. १९०५ साली त्याची कोनशिला बसली आणि १९११ साली अध्यापन सुरू झाले. जागा होती जुन्या मच्छी भवन किल्ल्याची. १८५७च्या उठावात इंग्रजांनी माघार घेताना तो किल्ला दारूगोळ्यासह उडवून दिला होता. घुमट, कमानी आणि छत्र्यांनी नटलेली महाविद्यालयाची इमारत सर स्विंटन जेकब यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली. जवळच गोमती, बडा इमामबाडा आणि रूमी दरवाजा. पलीकडे गोल दरवाजातून आत शिरले की चौकाचा बाजार सुरू होतो : अत्तरांच्या कुप्या, कबाबांचा धूर आणि मलमलीवर सुईने चिकनकारी करणारे कारागीर.

याच परिसरातील झवाई टोल्यात नामवंत युनानी हकिमांची घराणी होती. १९०२ साली त्यांनी आपले तिब्बी महाविद्यालयही काढले होते. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून त्याच्या शरीरात काय चालले आहे हे सांगण्याची त्यांची परंपरा. एकीकडे बोटांनी नाडी वाचणारे हकीम, दुसरीकडे विद्युत्‌यंत्रांनी चेतेचा निरोप वाचू पाहणारा तरुण; दोहोंचे पत्ते एकाच वस्तीतले. त्यांची कधी गाठ पडली असे मला म्हणायचे नाही. पण शरीर आतून सतत काही सांगत असते आणि ते ऐकता यायला हवे, ही धारणा त्या वस्तीला परकी नव्हती, एवढे खरे.

१९४८ साली पेंटल वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले ते सर्वोत्तम विद्यार्थ्याचे हेवेट सुवर्णपदक मिळवून. असा विद्यार्थी पुढे शल्यविशारद किंवा नामांकित चिकित्सक व्हावा, ही सर्वांचीच अपेक्षा असते. त्यांनी निवडले शरीरक्रियाशास्त्र. त्या विषयात दवाखाना थाटता येत नाही आणि पैसाही मिळत नाही. आजही एखाद्या हुशार विद्यार्थ्याने असे ठरवले तर घरात दोन दिवस चूल थंड राहील.

त्यांचे पहिले संशोधन मनोविकारांसंबंधी होते. मनावर ताण आला की तळहाताला सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेचा विद्युत्‌रोध बदलतो. हा बदल मोजून निरोगी माणसे आणि मनोरुग्ण यांच्या प्रतिसादांची तुलना त्यांनी केली. १९५१ साली ते काम अमेरिकेतील प्रायोगिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मनात काय चालले आहे हे थेट पाहता येत नाही. त्वचेवर त्याची जी खूण उमटते ती मात्र मोजता येते. आतील गोष्ट बाहेरच्या मोजमापाने पकडण्याचा हा ध्यास त्यांना पुढे कधीच सोडून गेला नाही.

१९५० साली रॉकफेलर प्रतिष्ठानची अभ्यासवृत्ती घेऊन ते एडिंबरोला गेले. तेथे प्राध्यापक डेव्हिड व्हिटरिज यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या पुढील सर्व कामाचा पाया येथे घातला गेला, म्हणून येथे थोडे थांबून पाहणे इष्ट.

मेंदूच्या तळापासून निघून मान, छाती आणि पोट यांत पसरणारी व्हेगस नावाची एक लांबलचक चेता आपल्या शरीरात असते. हृदय, फुप्फुसे, जठर यांच्याशी मेंदूचे दळणवळण प्रामुख्याने तिच्यामार्फत चालते. पूर्वी समजूत अशी होती की ही चेता मुख्यतः मेंदूचे हुकूम अवयवांकडे नेते. प्रत्यक्षात तिच्यातील बहुसंख्य तंतू उलट दिशेने, अवयवांकडून मेंदूकडे वार्ता आणतात. तंतू असतात हजारो, आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात. संपूर्ण चेतेवर विद्युत्‌अग्र ठेवले तर जत्रेतला गोंगाट ऐकू यावा तसे होते. कोण काय म्हणतो ते कळत नाही.

केंब्रिजच्या एड्रियन यांनी झोटरमन यांच्यासह १९२६ साली एकाच संवेदी तंतूतून जाणारे स्पंद नोंदवून दाखवले होते, आणि १९३२ साली शेरिंग्टन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. पेंटल यांनी ही एकतंतू पद्धत व्हेगसच्या बाबतीत कमालीच्या कौशल्याने वापरली. भूल दिलेल्या मांजराच्या मानेतील चेता मोकळी करायची, ती सुकू नये म्हणून भोवतालच्या कातडीची खळगी करून तिच्यात द्रवरूप पॅराफिन भरायचे, चेतेवरचे आवरण काढायचे आणि बारीक सुयांनी तिचे पदर उलगडत जायचे. पदराचा पदर, त्याचाही पदर, असे करीत शेवटी एकच बोलका तंतू विद्युत्‌अग्रावर उरेपर्यंत. हात किंचित हलला की तंतू तुटे आणि दिवस वाया जाई. चौकातील कारागीर मलमलीचे धागे मोजून सुई घालत. या गृहस्थांनी चेतेचे धागे वेगळे केले.

तंतू सापडला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो कोठून येतो? त्याच्या टोकाला कोणता संवेदक आहे? तो कशामुळे जागा होतो? यासाठी पेंटल यांनी तंतूतून संदेश जाण्याचा वेग काटेकोरपणे मोजण्याची रीत बसवली. जाड वेष्टण असलेले तंतू सेकंदाला कित्येक मीटर वेगाने संदेश नेतात. अगदी बारीक, वेष्टणरहित तंतूंत तो वेग सेकंदाला मीटर-दोन मीटर इतका मंद असतो. वेग कळला की तंतूचे कूळ कळते. १९५३ साली त्यांनी हृदयाच्या अलिंदांतील संवेदकांचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले : एक अलिंद आकुंचन पावताना संदेश देणारा, दुसरा अलिंद रक्ताने भरताना. शरीरात रक्त किती आहे याची वर्दी मेंदूला कशी मिळते, या कोड्याची एक किल्ली या दुसऱ्या प्रकारात होती.

मायदेशी परतल्यावर काही काळ ते कानपूरला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत होते. सैन्याचे साहित्य पारखण्यासाठी असलेल्या त्या आस्थापनेत चेताविज्ञानाचे काम करणे म्हणजे कापडगिरणीत सतार लावण्यासारखे. तरी १९५४ साली तेथूनच त्यांचा जठरावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. जठर ताणले गेले की त्याच्या भिंतीतील संवेदक व्हेगसमार्फत मेंदूला तशी वार्ता देतात, आणि पोट भरल्याची भावना येण्यात या वार्तेचा वाटा असतो, हे त्यांनी दाखवले. याच सुमारास डॉ. बाळकृष्ण आनंद या दुसऱ्या भारतीय शास्त्रज्ञाने ब्रोबेक यांच्यासह, भुकेचे नियंत्रण करणारी जागा मेंदूत कोठे आहे ते दाखवले होते. ताटावरून आपण का उठतो, या प्रश्नाचे मेंदूकडचे टोक एका भारतीयाने धरले आणि जठराकडचे दुसऱ्याने. आपल्या क्रमिक पुस्तकांत हे का येत नाही, न कळे.

आता ‘जे’ अक्षराकडे वळू. फुप्फुसांतून येणाऱ्या काही अतिशय बारीक, मंदगती तंतूंचा पेंटल यांना शोध लागला. विशिष्ट रसायन रक्तात सोडले की ते एकदम बोलू लागत. फुप्फुस आक्रसले की ते जागे होतात असे दिसल्याने १९५५ साली त्यांनी त्यांना फुप्फुस-संकोचाचे संवेदक म्हटले. नाव रूढ होऊ लागले. एखादा समाधान मानून पुढे गेला असता. पण पेंटल यांना आपल्याच निष्कर्षात खोट दिसत होती. एरवी हे संवेदक जवळजवळ मूक असत. निरोगी प्राण्याचे फुप्फुस इतके आक्रसतच नाही. मग निसर्गाने ते ठेवले कशासाठी?

उत्तर मिळायला चौदा वर्षे लागली. हे संवेदक वायुकोशांच्या भिंतीत, केशवाहिन्यांना अगदी लगटून असतात. केशवाहिन्यांतील दाब वाढून आजूबाजूच्या पोकळीत द्रव झिरपू लागला की ते जागे होतात. फुप्फुसात पाणी साचू लागण्याची ही पहिली घंटा. १९६९ साली त्यांनी आपणच दिलेले जुने नाव बाजूला सारले. केशवाहिनीलगतच्या जागेचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर ‘जे’, म्हणून ‘जे’ संवेदक. आपल्या हाताने लावलेली पाटी आपल्याच हाताने उतरवणारी माणसे विज्ञानातही विरळाच. त्यांच्या चरित्रातील हा भाग मला सर्व पदकांहून मोलाचा वाटतो.

हे संवेदक जागे झाले की श्वास क्षणभर थांबतो आणि मग जलद व उथळ होतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. याखेरीज एक चौथी गोष्ट घडते : हातापायांचे स्नायू ढिले पडतात. १९७० साली देशपांडे आणि देवानंदन या संशोधकांनी मांजराच्या मागच्या पायांवर प्रयोग करून हे दाखवले. गुडघ्याखाली हातोडीचा हलका ठोका दिला की पाय उडतो, हे आपण डॉक्टरांकडे पाहिलेले असते. त्याच जातीची प्रतिक्षिप्त क्रिया फुप्फुसातील संवेदक चेतवले असता दबून जाते, असे त्यांना आढळले. संदेश फुप्फुसातून व्हेगसमार्गे मेंदूच्या तळाशी जातो, तेथून मज्जारज्जूत उतरतो आणि पायांच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींना गप्प करतो. पुढे भूल न दिलेल्या, जाग्या मांजरांवरही या परिणामाचा अभ्यास झाला.

यावरून पेंटल यांनी मांडलेली कल्पना मोठी होती. जोराच्या व्यायामात फुप्फुसांतून वाहणारे रक्त कितीतरी पटींनी वाढते, केशवाहिन्यांतील दाब चढतो आणि द्रव झिरपण्याची वेळ जवळ येते. अशा वेळी शरीराला वाचवायचे तर एकच उपाय : हालचाल थांबवणे. म्हणजे शर्यतीत पाय थांबतात तो पायांचा दुबळेपणा नसून फुप्फुसांनी मेंदूकरवी घातलेला आवर असावा. हृदय क्षीण झालेला रुग्ण जिन्याच्या चौथ्या पायरीवर का थबकतो, उंच हिमालयात चढणाऱ्या जवानाला धाप का गाठते, यांचाही उलगडा त्यात होता. धाप ही भावना मेंदूत जन्मते, पण तिची ठिणगी कोठे पडते, हे शोधण्याचा तो प्रयत्न होता.

पदांविषयी थोडक्यात सांगतो. १९५८ ते १९६४ ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६४ पासून १९९० पर्यंत त्यांनी वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेचे संचालकपद सांभाळले. दिल्ली विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य. १९८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले, १९८६ साली पद्मविभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. एवढे सगळे सांभाळून ते प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करीत राहिले.

महासंचालक म्हणून त्यांची कारकीर्द वादातीत नव्हती. १९८६ साली मद्रासमध्ये एड्सच्या विषाणूची लागण प्रथम आढळली. हा रोग बाहेरून आला असल्याने भारतीयांनी परकीयांशी शरीरसंबंध ठेवण्यास कायद्याने मज्जाव करावा, असे त्यांनी सुचवले. त्यावर कडाडून टीका झाली आणि ती रास्तच होती. एका तंतूचे म्हणणे अचूक ऐकणाऱ्या माणसाला समाजाची नाडी तितकीच अचूक सापडेल असे नाही. चरित्र लिहिताना हे झाकून ठेवणे त्यांनाच आवडले नसते, असे मला वाटते, कारण त्याच १९८६ साली त्यांनी हाती घेतलेले दुसरे काम नेमके झाकपाकीविरुद्ध होते.

दिल्लीतील काही सहकाऱ्यांसह त्यांनी विज्ञानातील मूल्यांचा आग्रह धरणारी एक संस्था स्थापन केली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावाने छापणे, न केलेल्या प्रयोगांचे आकडे देणे, विद्यार्थ्याच्या कामावर वरिष्ठाने नाव चढवणे या गोष्टींच्या तक्रारी ही संस्था तपासू लागली. तिच्या हाती ना कायदा होता, ना दंड. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी येत ते पुष्कळदा मोठ्या पदांवरचे असत आणि त्यांच्या संस्था त्यांना पाठीशी घालत. स्वतः सर्वोच्च मान मिळवलेल्या माणसाने उतारवयात हे अप्रिय काम का पत्करावे? निवृत्तीचा काळ सत्कार स्वीकारण्यात घालवणे त्याहून कितीतरी सोपे होते.

इकडे ‘जे’ संवेदकांचा प्रश्न सुटलेला नव्हता. मांजरात जे घडते ते माणसात घडते का? पेंटल यांनी पत्नी डॉ. आशिमा आनंद आणि इतर सहकाऱ्यांसह माणसांवर प्रयोग केले. लोबेलीन नावाचे द्रव्य शिरेतून अल्प प्रमाणात दिले असता घशात आणि छातीच्या वरच्या भागात गुदमरल्यासारखी संवेदना होते, खोकला येतो. या संवेदनांचा उगम फुप्फुसातील त्याच संवेदकांत असल्याचे त्यांनी १९९५ साली मांडले. तेव्हा ते सत्तरीत पोचत होते. पण तीन वर्षांनी, १९९८ साली, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तेच द्रव्य माणसांना देऊन त्यांच्या स्नायूंची तपासणी केली, आणि स्नायू ढिले पडल्याची खूण त्यांना मिळाली नाही. धाप आणि खोकला यांविषयीचे पेंटल यांचे म्हणणे टिकले. पाय थांबवण्याविषयीचे म्हणणे माणसापुरते तरी अधांतरी राहिले. शास्त्रज्ञाच्या आयुष्याच्या संध्याकाळी त्याच्या लाडक्या कल्पनेला असा छेद मिळावा, हे वाचताना मन थोडे चुटपुटते.

२१ डिसेंबर २००४ रोजी पेंटल यांचे निधन झाले. लखनौचे ते महाविद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेथेही, इतरत्र शिकवतात तसेच, श्वसनाच्या प्रकरणात ‘जे’ संवेदक शिकवले जातात; पुस्तकात त्यांना जेमतेम एक परिच्छेद असतो. शर्यतीत थांबलेल्या पायांचे कोडे मात्र अजून पुरते उलगडलेले नाही.